दोन हजार सालातली आई

1985 च्या आसपास जो कोणी मराठी शाळेत होता, त्याने ‘मी एकविसाव्या शतकात’ हा निबंध एकदा तरी लिहिलेला असणार. राजीव गांधींच्या भाषणांत एकविसावं शतक वरचेवर यायचं, राकेश शर्मा 1984 च्या एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आले होते, आणि कल्पनाप्रधान निबंधाला मार्क बरे पडायचे. त्यामुळे आमचं भविष्यदर्शन साधारण परीक्षेच्या आदल्या रात्री व्हायचं, आणि तेही गाईडमधून.

सुरुवातीला गणित असायचं. 2000 साली मी अमुक वर्षांचा असेन. सत्तावीस-अठ्ठावीस असा काहीतरी आकडा यायचा आणि तो भलताच म्हातारा वाटायचा. पुढचा मजकूर सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखा: उडत्या मोटारी, जेवणाऐवजी गोळ्या, चंद्रावर वसाहत, वर्गात यंत्रमानव गुरुजी. वर्गातल्या एकाने तर आजीला चंद्रावर तीर्थयात्रेला धाडलं होतं. तिथे देऊळ कोणाचं, हे बाईंनी विचारलं नाही.

यातलं किती खरं ठरलं, किती नाही, हा हिशेब मला फारसा रंजक वाटत नाही. डिसेंबर 1972 नंतर चंद्रावर कोणी पाऊल ठेवलेलं नाही आणि मोटारी अजून खड्ड्यांतूनच जातात. ठीक आहे. मला गंमत वाटते ती त्या निबंधांत जे जागचं हललंच नव्हतं त्याची. 2000 सालच्या त्या घरात आई स्वयंपाकघरातच उभी होती. पोळ्या यंत्र लाटायचं, पण बटण आईच दाबायची. बाबा उडत्या मोटारीने ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी आले की त्यांना चहा आईच द्यायची, यंत्रमानवाच्या हातून का होईना. आजी होती, आजोबा होते, त्यांची तब्येतही ठणठणीत होती. वय वाढलेलं असायचं ते फक्त निबंध लिहिणाऱ्याचं. बाकीच्यांच्या वयात ती पंधरा वर्षं मिळवायची राहून गेलेली. आई नोकरी करील, आजी नसेल, बहीण न्यू जर्सीत असेल आणि घराला कुलूप असेल, असं कोणीच लिहिलं नव्हतं. आणि ज्या मराठी शाळेत बसून आम्ही हे लिहीत होतो, तिथल्या तुकड्या पोरं मिळत नाहीत म्हणून बंद पडतील, हे तर एखाद्याने लिहिलं असतं तर बाईंनी त्याला अवांतर म्हणून तांबड्या शाईने गोल केला असता.

मोठी माणसं याहून शहाणी असतात असंही नाही. 1899 ते 1910 च्या दरम्यान फ्रान्समध्ये ‘2000 साली’ या विषयावर एक चित्रमाला निघाली होती. झाँ-मार्क कोते हे त्यातल्या मुख्य चित्रकाराचं नाव. ही चित्रं पुढे 1986 मध्ये विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांच्या भाष्यासह पुस्तकरूपाने आली आणि आता सगळीकडे दिसतात. एका चित्रात विजेवर चालणारं यंत्र फरशी साफ करतंय. ते चालवायला मात्र मोलकरीण उभी आहे, पायघोळ झग्यात. दुसऱ्यात शाळा आहे. मुलं हाताची घडी घालून ओळीत बसली आहेत, त्यांच्या डोक्यावर टोपणं आहेत, त्यांना तारा जोडलेल्या आहेत. गुरुजी एका यंत्रात पुस्तकं टाकताहेत आणि त्यातलं ज्ञान तारांतून थेट डोक्यांत उतरतंय. आता हे यंत्र चालतं कशावर? तर कोपऱ्यात एक मुलगा उभा आहे आणि तो हाताने त्याचा दांडा फिरवतोय. बाकीचे शिकताहेत, हा दांडा फिरवतोय. चित्रकाराला शंभर वर्षं पुढचं दिसलं, आणि त्यातही दांड्यापाशी कोणीतरी लागणारच, हे त्याने गृहीत धरलं.

आमच्या निबंधांतला टेलिफोनही याच जातीचा. तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि गल्लीत एखाद्याच घरी तो असे, बहुधा भरतकाम केलेल्या झाकणाखाली. आम्ही भविष्यातला फोन रंगवला तो भिंतीएवढा, बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा. यंत्राचा अंदाज म्हटला तर बरोबरच आला. पण आमच्या कल्पनेतही तो गल्लीतल्या त्याच एका घरी होता! 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. पुढची काही वर्षं आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, म्हणून लोक तो उचलायला बिचकत. इतकं महाग काहीतरी मंडईतल्या भाजीवालीच्या कमरेला असेल, हे कल्पनाप्रधान निबंधाच्याही कुवतीबाहेरचं होतं. उडती मोटार आम्हाला सुचली. भाजीवालीकडे फोन काही सुचला नाही.

आणि नारू. ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते, आणि ती कोणाच्याच निबंधात नव्हती. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावांतून हा रोग असायचा. पाण्यातल्या बारीक जीवातून अळी पोटात जायची, वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायाच्या फोडातून बाहेर यायचा, आणि तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागायचा. त्यात आठवडेच्या आठवडे जायचे, बरेचदा ऐन पेरणीचे. याला लस नाही, जंत मारणारं औषधही नाही. 1983-84 पासून देशभर मोहीम चालली ती काय, तर पायऱ्यांच्या विहिरींत लोकांना उतरू न देणं, हातपंप बसवणं, आणि पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगत घरोघर फिरणं. नारू असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचंही नाव होतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं ते नेमकं 2000 साली. ज्या सालावर आमच्या पिढीने इतक्या वह्या भरल्या, त्याच साली! चंद्रावरची वसाहत राहिली, नारू मात्र गेला, आणि गेला तो फडक्याने. पण फडक्यावर निबंध लिहून मार्क मिळाले नसते. गुरुत्वाकर्षण, अंतराळ, महासंगणक असे जड शब्द आले की बाई खूश व्हायच्या.

परवा शेजारची पाचवीतली मुलगी वही घेऊन आली. विषय ‘2050 मधील माझा एक दिवस’. मला वाटलं, आता पाण्याचे वांधे, उकाडा, असलं काही असणार. तेही होतं, दोन ओळीत. बाकी आईबाबा दोघंही घरातून काम करतात, रोबो स्वयंपाक करतो, शाळा चष्म्यातच भरते. आईला तिने स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं, हे बरं वाटलं. मी विचारलं, “हा रोबो रोज तेलातुपात हात घालणार. त्याला पुसतं कोण?”

“मावशी येतात ना,” ती म्हणाली. मावशी म्हणजे त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या.

“तेव्हा मावशींचं वय काय असेल?”

तिने बोटांवर मोजलं. पंचाहत्तरच्या पुढे गेल्यावर तिचा चेहरा पडला, पण लगेच मार्ग सापडला. “मग त्यांची मुलगी येईल.”

“ती नववीत आहे. नर्सिंगला जायचं म्हणते.”

यावर तिने जरा वेळ पेन्सिल चावली. “मग काका, रोबो पुसायचा कोणी?” तिने मलाच विचारलं, आणि तिचा सूर असा होता, की निबंध उद्या द्यायचाय आणि अडचण मी आणली आहे.