लक्कम्मांची मूठ आणि अंगणातले पाखरू



कल्याण नगरीतील आयदक्की मारय्या आणि त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा यांची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. कन्नडमध्ये ‘आय्दु’ म्हणजे वेचून आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक होते आणि त्या तांदळाचा भात जंगमांना वाढणे हा त्यांचा दासोह. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घरी आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि हा लोभ आहे, जादा तांदूळ जेथून आणले तेथेच ठेवून या, असे पतीला सांगितले. तांदूळ दासोहासाठीच होते, तरी लक्कम्मांनी सूट दिली नाही. देण्याच्या कामातही माप असावे, हे शरणांनी बाराव्या शतकात आचरून दाखविले.

ही कथा आज आठवण्याचे कारण आहे. सुरतजवळच्या सचिनमध्ये आपल्यापैकी अनेक कुटुंबे खानदेशातून पोटासाठी आली. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या कारखान्यात कायक करतो. कोणाला घरापुढे चार हात अंगण आहे, तर कोणाला फक्त गॅलरी. सकाळी इष्टलिंगपूजा झाली की आपल्या माता-भगिनी पाखरांना दाणे टाकतात. हा दासोह आहे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

होय, आहे. दाणा दिसताच आपल्या भाऊबंदांना हाक मारणारा कावळा महात्मा बसवेश्वरांनी आपल्या वचनात आणला आणि माणसाला त्याच्याकडून शिकण्यास सांगितले. जो पक्षी आपल्याला वाटून खाणे शिकवितो, त्याच्या वाट्याचा घास आपण काढून ठेवलाच पाहिजे. परंतु दासोहात पाहुण्याची गरज पाहावयाची असते, आपली हौस नव्हे. येथेच लक्कम्मांची मूठ उपयोगी पडते.

गच्चीवर पोतेभर धान्य ओतले की कबुतरांचे थवे उतरतात आणि त्या गर्दीत चिमणीला जागा उरत नाही. कबुतरांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने माणसांची फुप्फुसे बिघडतात. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच. शिवाय उरलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात. सप्टेंबर १९९४ मधील प्लेग पाहिलेल्या सुरतेत उंदरांना आमंत्रण देणे कोणत्या धर्मात बसते? म्हणून बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभरच ठेवावी. ती तासाभरात संपेल एवढीच असावी आणि जागा रोज झाडावी. शेव, गाठ्या, पाव, बिस्किटे हे आपले खाणे आहे. मीठ-तेलाचे पदार्थ पाखरांना घालू नयेत.

दाण्याहून मोठा दासोह पाण्याचा. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले गेले आणि त्याच्या विषारी वायूने सहा कामगारांचे प्राण गेले. ज्या नाल्याच्या वाऱ्याने माणूस मरतो, त्याचे पाणी पाखराने प्यावे काय? चैत्र-वैशाखात तहानलेले पाखरू दुसरीकडे जाणार कोठे? मातीचे पसरट भांडे घ्यावे, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नसावे, मध्ये एखादा दगड ठेवावा म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते. भांडे सावलीत, पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी असावे. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पाखरांतही रोग पसरतो.

तिसरी गोष्ट निवाऱ्याची. चिमणी दाणे खाते, पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरविते. आपण कुंडीतल्या रोपांवर विषारी औषध फवारले तर तिच्या पिलांचा घासच काढून घेतो. जास्वंद लावा, शिंजीर मधासाठी येईल. कढीपत्त्याच्या काळ्या फळांना बुलबुल आणि कोकीळ येतात. काळा-पांढरा दयाळ पक्षी किड्यांसाठी येतो आणि उन्हाळ्यात पहाटे गातो. ज्याच्या नावातच दया आहे, त्याला विष घालू नये. सिमेंटच्या घरात चिमणीला वळचण राहिली नाही. सव्वा इंची भोक पाडलेली लाकडी पेटी आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशी टांगावी. पिले असताना तिला हात लावू नये. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नाने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. पेटी टांगण्यास तो दिवस चांगला.

आता उत्तरायणाविषयी. वर्षभर पाणी पाजावयाचे आणि १४ जानेवारीस काचेच्या मांज्याने पंख कापावयाचे, हा कसला आचार? नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. मुलांना साधा दोरा द्या. सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, कारण त्या वेळी पाखरांची ये-जा अधिक असते. झाडांत, तारांत अडकलेला मांजा हाती लागेल तेवढा काढून टाका. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका. जखमी पक्षी सापडल्यास पाणी पाजण्याची घाई न करता भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि १९६२ या क्रमांकावर गुजरातच्या करुणा पशुरुग्णवाहिकेला कळवा. पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिलू जमिनीवर दिसले तर ते उचलून घरी आणू नका. बहुधा आई जवळच असते.

आणि पोपट पिंजऱ्यात ठेवून त्याला पेरू खाऊ घालणे यास दासोह म्हणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी शरणाला ते शोभले नसते. दासोहात ‘मी देतो’ हा भाव नसतो, मग ‘हा माझा’ हा भाव कोठून येणार? पाखरू आले तर आनंद मानावा, उडून गेले तरी आनंदच मानावा.

सद्भक्तहो, उद्या सकाळी पूजेनंतर मूठ भरताना लक्कम्मांना आठवा. आज जेवढे लागेल तेवढेच द्या, रोज द्या आणि भांडे धुऊन ठेवा.

शरणु शरणार्थी.