कळसूबाईवर एकटा

सुख माणसांत की एकांतात, हा प्रश्न मला एकदाच खरा पडला. बांधावरून थोरल्या भावाशी वाजलं आणि तिरीमिरीत एकटाच कळसूबाईला गेलो. बारी गावाकडून चढलो. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. देवीला हात जोडले. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. ना कुणाची हाक, ना भांडण. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. एकटेपणाला नावं ठेवणाऱ्यांनी तिथं घटकाभर बसून यावं.

मग भाकरी सोडली. अर्धी मोडली आणि हात आपसूक बाजूला गेला. रानात आम्ही दोघं तशीच खायचो. ती अर्धी फडक्यात बांधून परत आणली.

घरी आलो तर माझ्या बैलांपुढं वैरण पडलेली. कुणी टाकली, मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बोलणं सुरू व्हायला पुढं दोन पावसाळे गेले.