थांबण्याचं कारण

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातमध्ये एकतानगर ते अहमदाबाद अशी एक ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिच्या इंजिनाचा तोंडवळा वाफेच्या इंजिनाचा आहे, पोटात मात्र वीज. अशा गाड्यांवर आपल्याकडे जी चर्चा होते ती दोनच सुरांत. एक सूर हळवा: झुकझुक गाडी, मामाचा गाव, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण. दुसरा सूर शहाणा: हा सगळा बनाव आहे, पर्यटनाचा धंदा आहे, सेल्फीची सोय आहे. दोघांचं भांडण चालतं ते इंजिनाच्या तोंडवळ्यावरून. स्टेशनांविषयी कोणी बोलत नाही. गाडी कुठे थांबते आणि कशासाठी थांबते, हा प्रश्न मला तोंडवळ्यापेक्षा बराच मोठा वाटतो. तो नीट तपासायचा तर इंग्लंडमधल्या एका ग्रामीण मार्गाकडे बघावं लागतं.

सेवर्न व्हॅली रेल्वे म्हणजे किडरमिन्स्टरपासून ब्रिजनॉर्थपर्यंत, बहुतेक सेवर्न नदीच्या कडेकडेने जाणारी १६ मैलांची एकेरी लाइन. मधली मुख्य स्टेशनं ब्यूडली, आर्ली, हायली आणि हॅम्प्टन लोड. हे खोरं १८६२ साली रेल्वेने जोडलं गेलं आणि १९६३ साली ब्यूडलीच्या उत्तरेची प्रवासी वाहतूक थांबली. ती ब्रिटिश रेल्वेचे तोट्यातले मार्ग छाटायला सांगणाऱ्या बीचिंगच्या कुऱ्हाडीने तुटली असं तिथेही सर्रास म्हणतात. वास्तविक बीचिंगचा अहवाल छापून येण्याआधीच तिला बंद करायचं घाटत होतं. पण खलनायकाला नाव असलं की लोकांना बरं वाटतं. १९६५ साली हौशी मंडळींनी संस्था काढली, १९७० साली ब्रिजनॉर्थ ते हॅम्प्टन लोड एवढा तुकडा चालू केला, १९७४ साली ब्यूडली गाठलं आणि १९८४ साली किडरमिन्स्टर. वेल्समधली टॅलिलिन (१९५१) आणि ससेक्समधली ब्लूबेल (१९६०) या तिच्याआधी हौशी मंडळींनी चालू केलेल्या. तो सगळा इतिहास रेल्वेवेड्यांना तोंडपाठ असतो, इथे पुन्हा उगाळत नाही.

या स्टेशनांवर डोळ्यांना सुखावणारं पुष्कळ आहे. फुलझाडांचे वाफे, जुन्या जाहिरातींचे पत्रे, चामड्याच्या ट्रंकांचे रचलेले ढीग. फोटो त्यांचेच निघतात. ट्रंका रिकाम्या असतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्याच फलाटाच्या टोकाला सिग्नलच्या केबिनमध्ये एक माणूस बसलेला असतो आणि त्याचं काम रिकामं नसतं. लाइन एकेरी असल्यामुळे समोरासमोरून येणाऱ्या गाड्या ठरावीक स्टेशनांतच एकमेकींना वाट देऊ शकतात. केबिनमधून टोकन हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या टप्प्यात गाडी घालता येत नाही. आपल्याकडे एकेरी मार्गावर नीलच्या यंत्रातून निघणारा गोळा जे काम करत आला तेच हे. शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा जोडलं जातं. त्याला पाणी पाजावं लागतं. यातलं काहीही प्रवाशांना दाखवण्यासाठी ठरवलेलं नाही. बघायला एकही माणूस आला नाही तरी ते असंच करावं लागेल.

इथे मी एक भेद करतो, आणि पुढचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. थांबा दोन प्रकारचा असतो: गरजेचा आणि निमित्ताचा. गाडीला थांबल्यावाचून गत्यंतर नसतं तो गरजेचा. थांबली तर बरं, लोक उतरतील, चहा घेतील, फोटो काढतील, हा निमित्ताचा. जतन झालं की नाही हे भिंतींवरून ठरवण्यापेक्षा यावरून ठरवावं.

आता ज्याच्याशी खरं भांडण आहे त्याच्याकडे येतो. १९८७ साली रॉबर्ट ह्यूइसन यांचं ‘द हेरिटेज इंडस्ट्री’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्रिटन आता वस्तू बनवत नाही, वारसा बनवतो. कारखाने बंद पडतात आणि संग्रहालयं उघडतात. ऱ्हासाच्या काळातला देश आपल्या भूतकाळाचा माल करून विकतो. आपल्याकडचे शहाणे आज जे बोलतात त्याचं मूळ, त्यांना माहीत असो वा नसो, या पुस्तकापाशी जातं. पुस्तक हुशार आहे, आणि थॅचरबाईंच्या इंग्लंडमध्ये असं चिडून लिहिणं समजण्यासारखंही होतं. पण बारकाईने बघितलं तर सबंध युक्तिवाद बघणाऱ्याच्या जागेवरून केलेला आहे. प्रेक्षक काय बघतो, त्याला काय विकलं जातं, त्याची काय फसवणूक होते. केबिनमधला माणूस काय करतो, हे त्या जागेवरून दिसतच नाही.

किडरमिन्स्टरचंच उदाहरण घ्या. ह्यूइसनच्या वाचकाला ते हातात आयतं मिळालेलं शस्त्र वाटेल. तिथलं लाल विटांचं, व्हिक्टोरियन थाटाचं टाउन स्टेशन जुनं नाहीच. ते १९८४ सालचं आहे, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या रॉस-ऑन-वाय इथल्या स्टेशनाच्या नमुन्यावर उभारलेलं. आर्लीची सिग्नल केबिनही मूळची तिथली नाही, दुसऱ्या ठिकाणाहून उचलून आणून बसवलेली. म्हणजे खोटं? विटांचं वय मोजणाऱ्याला खोटंच वाटणार. मी विचारतो, त्या केबिनमधून दिलेलं टोकन खोटं आहे का? चुकून भलतं टोकन दिलं तर होणारी टक्कर खोटी असेल का? १९२१ च्या जानेवारीत वेल्समध्ये ॲबरम्यूल इथे टोकनचाच एक प्रकार असलेली टॅब्लेट घाईगडबडीत चुकीच्या हातात गेली. ड्रायव्हरला त्याने नुकतीच जमा केलेली टॅब्लेटच परत मिळाली, ती कोणीही वाचून पाहिली नाही आणि दोन गाड्या समोरासमोर भिडल्या. १७ माणसं मेली. त्या अपघाताची सगळी शिकवण आर्लीच्या उसन्या केबिनमध्ये आजही हातांना लावावी लागते, नाहीतर गाडी चालवता येणार नाही. ज्या वस्तूची चूक माणूस मारू शकते ती वस्तू नाटकातली कशी?

ह्यूइसनचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हा भूतकाळ धुऊन-पुसून ठेवलेला आहे, त्यात घाम नाही, संप नाही, दारिद्र्य नाही. हे अर्धं मान्य करावं लागेल. हायली हे कोळशाच्या खाणीचं गाव. नदीपलीकडची ॲल्वेली खाण १९६९ साली बंद पडली, म्हणजे पर्यटकांची पहिली गाडी सुटायच्या अवघं वर्षभर आधी. हायलीच्या सुंदर फलाटावर उतरणाऱ्याला त्या खाणीतल्या माणसांचा पत्ता लागत नाही. आणखी पुढे जाऊन मीच एक मुद्दा ह्यूइसनच्या हाती देतो. ‘टोर्नेडो’ हे वाफेचं नवंकोरं इंजिन २००८ साली डार्लिंग्टनला हौशी लोकांच्या पैशांतून पूर्ण झालं, तेव्हा त्याचा बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगनहून करून आणावा लागला. ज्या देशाने जगाला इंजिनं विकली त्याची ही गत. आणि ज्या खोऱ्यातून पूर्वी कोळशाच्या वाघिणी निघत, तिथल्या इंजिनांना आता परदेशातून आलेल्या कोळशावर भागवावं लागतं. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही उघडी खाणही २०२३ साली बंद झाली. ऱ्हास आहेच. प्रश्न एवढाच, की त्याचं खापर ब्रिजनॉर्थच्या शेडमध्ये बॉयलर दुरुस्त करणाऱ्या माणसावर का फोडायचं? वस्तू बनवणं सोडलेल्या देशात अजूनही हाताने वस्तू दुरुस्त करणारा तोच तर एक उरला आहे. ह्यूइसनने त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

इतिहासकार राफेल सॅम्युएलने १९९४ साली ‘थिएटर्स ऑफ मेमरी’मध्ये हौशी लोकांची बाजू घेतली. ती मला आवडते, पण लोकांना आवडतं म्हणून चांगलं, इथपर्यंत तो फार सहज जातो.  आणि ‘स्थानिक अर्थकारणाला चालना’ हा मुद्दा मी विचारात घेत नाही; चालना कुठल्याही जत्रेने मिळते.

निमित्ताचा थांबा कसा असतो हे ब्लूबेलवर दिसतं. तिथे शेफील्ड पार्क स्टेशन १८८० च्या दशकातलं, हॉर्स्टेड कीन्स १९३० च्या दशकातलं आणि किंग्जकोट १९५० च्या दशकातलं म्हणून सजवलेलं आहे. कल्पना गोड आहे, चित्रपटवाल्यांच्या सोयीची तर आहेच. हॉर्स्टेड कीन्स ‘डाउनटन ॲबी’ मालिकेतही दिसलं. तरीही मला ती चुकीची वाटते. कुठलंही स्टेशन एका दशकात राहत नाही. त्याच्या भिंतीवर एका साहेबाचा रंग, दुसऱ्याच्या काळात वाढवलेली पडवी आणि तिसऱ्याच्या काळात बुजवलेली खिडकी असं सगळं एकावर एक चढलेलं असतं. एक दशक निवडलं की बाकीची खरवडून काढावी लागतात, आणि निवड होते ती बघणाऱ्याच्या आवडीने. अर्थात ब्लूबेलवरही इंजिन खरंच पाणी पितं, सिग्नल खरेच पडतात. म्हणून मी तिला नाकारत नाही. फक्त एवढंच, की तिथे ज्याचं कौतुक होतं ते तिच्यातलं सर्वांत कमी महत्त्वाचं आहे.

आता माझ्याच भेदाला लागणारी अडचण. गरज कोणाची, इंजिनाची की गावाची? सेवर्नच्या काठी इंजिनाची गरज जपली आहे. गावाची गरज १९६३ सालीच गेली; आर्लीचा माणूस बाजाराला मोटारीने जातो. आपल्याकडे उलट दिसतं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची नॅरोगेज गाडी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती, पुढे डिझेलवर आली, मग बंद पडली. तिच्या काठच्या गावांना काय हवं आहे? कोळसा नको, शिट्टी नको. स्वस्त गाडी हवी, ब्रॉडगेज हवी. त्या मागणीवर शहरातल्या लोकांनी वारशाचा शिक्का मारणं मला अनुचित वाटतं. तिथली गरज अजून जिवंत आहे, आणि जिवंत गरजेला जतन नव्हे, वाहतूक लागते. माथेरानला अमन लॉज ते माथेरान शटल चालते तिचंही तेच. अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे ती गाडी पर्यटकांइतकीच गावाचीही आहे. तिथलं इंजिन डिझेलचं असलं तरी तिचं थांबणं खरं आहे.

आणि काम खरं असलं की ते जपावं, असंही सरसकट म्हणता येत नाही, माथेरानचीच हातरिक्षा घ्या. तीही जुनी, तिचंही काम खरं, तिच्याही थांब्याला कारण असतं: ओढणाऱ्याला धाप लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. सेवर्नवरचा हौशी फायरमन आणि हा रिक्षा ओढणारा, दोघेही घामाघूम होतात. पण फायरमन आधी इंजिनं पुसतो, काही वर्षांनी फावडं हाती घेतो, आणि नको वाटलं तर पुढच्या रविवारी येत नाही. रिक्षावाल्याला तो रविवार नसतो. तेव्हा माझा भेद मला आणखी आवळावा लागतो: गरज यंत्राची हवी, माणसाच्या पोटाची नको. यंत्राला पाणी लागतं म्हणून थांबणं जपावं. माणसाला पोट आहे म्हणून राबणं जपू नये.

हे लक्षात घेतलं तर माथेरानच्या गाडीबद्दलची चर्चा बरीच सोपी होईल. नेरळ–माथेरान ही दोन फुटी लाइन पीरभॉय घराण्याच्या पैशांवर १९०७ साली सुरू झाली. नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान. वॉटर पाइपला चढणीवरची इंजिनं पाणी घेत. २००५ च्या पावसाने ही लाइन धुऊन नेली; २००७ च्या पावसाने सेवर्न व्हॅलीची लाइनही ठिकठिकाणी खचवली. दोन्ही ठिकाणी रूळ पुन्हा जुळले. रूळ जोडता येतात, पैसे लागतात इतकंच. वाफेवरचे हात मात्र माथेरानला जुळवून ठेवलेले नाहीत. पहाटे बॉयलर पेटवणारा, चढणीवर पाण्याची पातळी नजरेत ठेवणारा, ठरावीक वर्षांनी बॉयलर उघडून तपासणारा माणूस तयार व्हायला वर्षं जातात.

उद्या कोणी माथेरानला वाफेचं इंजिन पुन्हा आणायचं म्हटलं तर त्याच्या रंगाबद्दल, डब्यांच्या पडद्यांबद्दल माझं काही म्हणणं असणार नाही. मी विचारेन, ते वॉटर पाइपला पाणी घेणार का? नेरळला टँकरने भरून घेणार असेल आणि वॉटर पाइपला फोटोसाठी दहा मिनिटं थांबणार असेल, तर आहे ते डिझेल बरं. घेणार असेल, तर आधी तिथे टाकी बांधा, आणि ती भरणाऱ्या माणसाचा पगार रेल्वेच्या खर्चात धरा, पर्यटन महोत्सवाच्या नाही.