मोजदाद आणि मोल

माणसांची मोजदाद करणे हे पाप आहे काय? दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि ती त्याला भोवली, हे आपण जुन्या करारात वाचतो. मोजण्यात वावगे काही नाही. परंतु आकड्यामागचा माणूस दृष्टीआड झाला की आकड्याचीच मूर्तिपूजा सुरू होते. एका वैद्यकीय चाचणीचा वृत्तान्त वाचताना आम्हांला ही कथा आठवली.

औषधाचा गुण सिद्ध करण्यासाठी हजारो रुग्ण लागतात, म्हणून अनेक देशांतील केंद्रांतून ते गोळा करावे लागतात. काही केंद्रांत वर्षाकाठी दोन-चारच रुग्ण मिळतात. काही ठिकाणी नोंदवह्या भराभर भरतात. पैसा आणि वेळ मर्यादित असल्याने ओढा साहजिकच जेथे संख्या मिळते तिकडे वाढतो.

‘टॉपकॅट’ ही चाचणी २००६ साली सुरू झाली. हृदयाचे आकुंचन ठीक असूनही ज्यांचे हृदय शरीराची गरज भागवू शकत नाही, अशांना स्पायरोनोलॅक्टोन हे जुने औषध उपयोगी पडते काय, हा प्रश्न होता. सहा देशांतील २३३ केंद्रांतून ३,४४५ रुग्ण सहभागी झाले. त्यांपैकी १,६७८ रशिया व जॉर्जियातील होते. उरलेले उत्तर व दक्षिण अमेरिकेतील. २०१४ साली निष्कर्ष आला: औषधाचा एकंदर लाभ सिद्ध होत नाही. परंतु निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत मृत्यू किंवा हृदयविकारामुळे इस्पितळात भरती अशा घटना अमेरिकांत सुमारे ३२ टक्के, तर रशिया-जॉर्जियात अवघ्या ८ टक्के आढळल्या. आजार एकच होता काय? २०१७ साली रक्ताच्या काही जतन केलेल्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. हे औषध घेत असल्याचे सांगणाऱ्या रशियातील रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या रक्तात त्याचा मागमूस नव्हता. अमेरिका व कॅनडात हेच प्रमाण ३ टक्के होते.

येथे एखाद्या देशाकडे बोट दाखवणे सोपे आहे. नको असलेले रुग्ण मागाहून वगळणे त्याहून सोपे. संशोधकांनी मुख्य निष्कर्ष सर्वांना धरूनच जाहीर केला, हे योग्यच झाले. सोयीचे तेवढेच मोजणे हाही असत्याचाच प्रकार. सावधपणाची खरी वेळ आरंभीची असते. नोंदवही झपाट्याने भरू लागली की आनंदाबरोबर शंकाही यावी.

कारण संमतिपत्रावर सही करणारा रुग्ण दान करीत असतो. आपल्याला गुण येईलच असे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी तो स्वतःचे शरीर पुढे करतो. ते दान स्वीकारणारा त्याचा ऋणी होतो. चाचणीत शिथिलता आली, तर दूरच्या संथ केंद्रातील प्रामाणिक रुग्णाचे दानही गर्दीत बुडून जाते. मंदिराच्या दानपेटीपाशी बसलेल्या येशूने श्रीमंतांच्या राशी मोजल्या नाहीत. त्याने विधवेची दमडी ओळखली.

आम्ही धर्मगुरूही दरवर्षी धर्मग्रामाचे आकडे वर पाठवतो. किती बाप्तिस्मे, किती विवाह, किती कुटुंबे. रकाने भरले की समाधान वाटते. त्या रकान्यांतील किती जणांना आपण खरोखर ओळखतो, हा प्रश्न आम्ही संशोधकांना विचारण्याआधी स्वतःलाच विचारला पाहिजे.