वाळण्यासाठी ओल

जपानातल्या कागा प्रांताचे माएदा सरदार कानाझावा शहरात कारागिरांना आश्रय देत होते, त्या काळातली गोष्ट. तिथल्या एका उस्तादाकडे शेतकऱ्याचा एक पोर शिकायला राहिला. पोर चलाख, कामाला वाघ. खोट एवढीच की त्याला सगळं आधीच माहीत असायचं.

त्या घरात उरुशीचं काम चाले. आपण त्याला सोयीसाठी लाखकाम म्हणतो, पण किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेशी त्याचा काही संबंध नाही. हा झाडाचा चीक. झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, त्यामुळे चीक अंगाला लागला की बिब्ब्यासारखाच उततो. पहिल्याच महिन्यात पोराचे हात कोपरापर्यंत सुजले. तरी तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. शिवाय हा चीक स्वस्त नव्हे. दहा-बारा वर्षं वाढलेल्या झाडाला हंगामभर चिरा पाडल्या, तरी हाती येतो तो जेमतेम पेलाभर, 200 मिलिलिटरच्या आसपास.

हिवाळ्यात एका लेखनपेटीचं काम आलं. शाई उगाळायचा दगड आणि कुंचले ठेवायची पेटी. झाकणावर गवत आणि वर पूर्ण चंद्र. असं चित्र आधी चिकानं काढतात आणि तो ओला असतानाच बांबूच्या नळीतून त्यावर सोन्याची पूड भुरभुरतात. या कामाला म्हणतात 'माकिए', म्हणजे शिंपडलेलं चित्र. ते पक्कं वाळलं की त्यावर काळ्या चिकाचा हात देऊन सगळं सोनं झाकून टाकायचं, आणि तो थरही वाळला की कोळशानं घासत घासत सोनं पुन्हा वर काढायचं.

चंद्रावर सोनं पडलं आणि उस्तादाला परगावी जावं लागलं. निघताना तो म्हणाला, "पेटी फुरोत ठेव. आतली फडकी सुकू देऊ नकोस."

फुरो म्हणजे आतून ओलसर ठेवलेलं लाकडी कपाट. जपानीत न्हाणीलाही हाच शब्द.

पोरानं कपाटात हात घातला. आत दमट ऊब. त्याला हसू आलं. जन्मभर त्यानं भाताच्या पेंढ्या उन्हात वाळवल्या होत्या. ओलीत कधी काही वाळतं का? बुरशी येईल नुसती! उस्ताद म्हातारा झाला, दुसरं काय. बाहेर बर्फ पडत होतं, ऊन नव्हतं; म्हणून त्यानं पेटी शेगडीशेजारी ठेवली.

दोन रात्रींनी त्यानं काळा हात दिला, आणखी दोन रात्रींनी कोळसा हातात घेतला. चार-पाच वेळा घासलं असेल नसेल, तोच अख्खा चंद्र काळ्या लगद्यासकट कोळशाला चिकटून आला.

उस्ताद परतला. पेटी पाहून तो ओरडला नाही. आधी कागद मागवला आणि पेटीवरचा, कोळशावरचा लगदा खरवडून पुडीत बांधला. सोनं कुणी टाकत नाही, जपानातही नाही.

मग त्यानं विचारलं, "जूनच्या पावसात तुमच्या घरी काय वाळतं?"

"काहीच नाही, उस्ताद. कपड्यांनासुद्धा बुरशी येते."

"आमचा चीक मात्र तेव्हाच सगळ्यात लवकर वाळतो. तो कोरड्यात ओला राहतो आणि ओलीत घट्ट होतो. भात उन्हात वाळतं हे तुला ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. पण ते भाताचं झालं. आपल्याला एकाची रीत कळली म्हणून सगळ्यांना तीच लावायची नसते. चिकाचं चिकालाच विचारावं लागतं."

"कसं विचारायचं?"

उस्तादानं फुरोतून दुसरी एक पेटी काढली, तोंड जवळ नेलं आणि हळूच श्वास सोडला. काळ्या पृष्ठभागावर क्षणभर निळसर धुकं धरलं आणि विरलं. "धुकं धरलं तर समज, वाळायला लागलाय. नाही धरलं, तर अजून ओलाच आहे."

लेखनपेटी पहिल्यापासून पुन्हा करावी लागली. बर्फ वितळलं, तेव्हा कुठे नव्या चंद्रावर सोनं पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरानं फुरोचं दार उघडलं, पेटीवर वाकून श्वास सोडला. धुकं धरलं नाही. त्यानं पेटी आत सारली, फडकं पाण्यात बुडवून पिळलं, आत पसरलं आणि दार लावून घेतलं.