अर्ध्या थरापाशी

श्वास संथ होऊ द्या. हा विषय घाईनं समजून घेण्याजोगा नाही.

सिलिकॉनचा स्फटिक मनासमोर आणा. त्याच्या आत शिरा आणि दोन शेजारी अणूंमधल्या बंधाच्या बरोबर मध्यावर थांबा. इथून कुठल्याही दिशेला अणू दिसला, की विरुद्ध दिशेला तेवढ्याच अंतरावर दुसरा असतोच. या समतोलामुळेच सिलिकॉनला एक गोष्ट जमत नाही: विद्युतदाबाच्या प्रमाणात प्रकाशाचा वेग बदलणं. भौतिकशास्त्रज्ञ पॉकेल्स यांनी 1893 मध्ये अभ्यासलेल्या या परिणामासाठी समतोल मोडलेला स्फटिक लागतो.

तसा एक पाहा, बेरियम टायटनेट. घनाकार चौकटीच्या कोपऱ्यांवर बेरियम, पृष्ठांच्या मध्यावर ऑक्सिजन, आत मध्यावर टायटॅनियम. सुमारे 120 अंश सेल्सिअसखाली हा टायटॅनियम मध्यावरून सरकतो. अगदी किंचित. विद्युतदाबाची प्रकाशावर पकड बसते ती या सरकण्यामुळे.

सिलिकॉनवर बेरियम टायटनेट बसवताना ऑक्सिजन आडवा येतो. बेरियम टायटनेट हा ऑक्साइड, त्याला तो हवाच. पण उघड्या सिलिकॉनला लागला की वर विस्कळीत थर धरतो आणि खालच्या अणूंची रांग वर पोचत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत मॅकी, वॉकर आणि चिझम यांनी 1998 मध्ये वाट दाखवली. पुढे रूढ झालेली रीत अशी: अतिनिर्वातात, तापलेल्या सिलिकॉनवर आधी स्ट्रॉन्शियमचा थर द्यायचा, तोही अर्धाच.

अर्धाच का? इथे हवा तेवढा वेळ राहा. पृष्ठभागावरचे सिलिकॉन अणू जोडीजोडीनं बसलेले असतात, प्रत्येकाचा एक बंध अपुरा. जोडीमागे एक स्ट्रॉन्शियम येतो, आपले दोन इलेक्ट्रॉन देतो आणि दोघांचीही गरज भागते. मग ऑक्सिजन आला तरी सिलिकॉन लगेच त्याच्याकडे ओढला जात नाही. या साऱ्या विद्येत मला याहून सुंदर काही वाटत नाही.

आता त्यावर, बेरियम टायटनेटच्या आधी, स्ट्रॉन्शियम टायटनेट. त्याची चौकट 3.905 अँगस्ट्रॉमची, सिलिकॉनची 5.43 ची. सरळ बसणं शक्य नाही. पण खोलीत फरशी तिरकी लावावी तशी ती 45 अंशांत वळते आणि तिला 3.84 चं अंतर सापडतं. फरक दोन टक्क्यांहून कमी उरतो. त्यावर बेरियम टायटनेट वाढतो. वाढताना ऑक्सिजन झिरपून खाली विस्कळीत ऑक्साइड तयार होतोही, पण तोवर वरची रांग पक्की झालेली असते.

मग सारं थंड होऊ द्या. सिलिकॉन कमी आकसतो, बेरियम टायटनेट जास्त. त्यामुळे त्याचा थर ताणला जातो. थर पुरेसा जाड असेल, तर टायटॅनियमच्या सरकण्याची दिशा पृष्ठभागाला समांतर होते. झ्यूरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2019 मध्ये अशा थरात या परिणामाचं माप, म्हणजे पॉकेल्स गुणांक, 900 पिकोमीटर प्रति व्होल्टहून अधिक असल्याचं दाखवलं. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या लिथियम नायोबेटचा सुमारे 30.