सैन्यात निघालेल्या लेकराला आशीर्वाद कोणता द्यावा?

गीताशास्त्रातला पहिला प्रश्न अर्जुनाचा नाही, हे सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. तो एका बापाचा आहे. मुले रणावर गेलेली, स्वतःला डोळ्यांनी दिसत नाही, आणि घरी बसलेला धृतराष्ट्र संजयाला विचारतो की, माझ्यांनी आणि पांडूच्यांनी तिथे काय केले? ज्ञानेश्वर माउलींनी तिथेच त्याची नाडी धरली आहे. पुत्रस्नेहाने तो भुलला होता, असे त्या सांगतात.

यावरून पुष्कळ जण असा सिद्धान्त काढतात की पुत्रस्नेह म्हणजेच मोह, आणि मुलगा सैन्यात निघाला असता बापाचे काळीज हलले तर ते अज्ञानाचे लक्षण होय. हा सिद्धान्त मला मान्य नाही.

पाटसला कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी गृहस्थ थांबले होते. मुलगा अग्निवीर म्हणून भरती होऊन बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात शिक्षणाला गेलेला. म्हणाले, "महाराज, सकाळी हरिपाठाला बसतो, पण ध्यान सगळं पोराकडं. पांडुरंगाजवळ मागायचं तरी काय? सुखरूप येऊ दे, एवढंच तोंडात येतं. लोक म्हणतात, देशाला मुलगा दिला, आता रडायचं नाही. अन् आपण तर माळकरी. मुंगीलाबी दुखवू नये म्हणायचं, आणि पोराच्या हातात बंदूक."

प्रथम मोहाचे पाहू. वाल्मीकींच्या बालकांडात विश्वामित्र यज्ञाच्या रक्षणासाठी राम मागायला येतात. दशरथ अगोदर तोंड भरून म्हणतो, मागाल ते देईन. आणि मागणे कानी पडताच त्याची शुद्ध हरपते. मग विनवण्या सुरू. राम अजून सोळाचा झाला नाही, माझी अक्षौहिणी सेना न्या, मी स्वतः धनुष्य घेऊन येतो, पण राम नको. लेकराऐवजी मला न्या म्हणणारा हा बाप आपल्याला परका वाटतो काय? अग्निपथ योजना २०२२ साली निघाली तेव्हा भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे ठेवले होते, म्हणजे रामाहून दीड-दोन वर्षांनीच मोठे. विश्वामित्र संतापले ते दिलेला शब्द राजाने फिरवला म्हणून. पुढे वसिष्ठांनी समजावले, तेव्हा दशरथाने रामाचे मस्तक हुंगले आणि प्रसन्न मनाने त्याला ऋषींच्या हाती सोपवले. राजवाड्यातल्या त्या पोरांची पहिली रात्र शरयूकाठी गवताच्या बिछान्यावर गेली. शिक्षण तिथूनच सुरू झाले म्हणायचे! दशरथाला काळजी होती, पण तिने मुलाची वाट अडवून धरली नाही. म्हणून तिला मोह म्हणवत नाही.

आता 'दिला' या शब्दाचे. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते. मुलगा ही काही गाय नव्हे, की शिंगांना हळद लावून दुसऱ्याच्या दावणीला बांधावी. तो आपल्या पायांनी गेला. शपथ त्याने घेतली. जमिनीवर, समुद्रात, आकाशात जिथे आज्ञा होईल तिथे जीव धोक्यात घालूनही जाईन, हे वचन त्याचे आहे. शपथविधीच्या दिवशी आईबापांच्या छातीवरही गौरव पदक लावतात, ते उचितच. तरी व्रत मुलाचे आहे, हे विसरू नये. कोणी म्हणेल, पोरे पोटासाठी जातात. जातात की! पोटासाठी गेला म्हणून व्रत खोटे होत नाही. कीर्तनकारही नारळ-दक्षिणा घेतोच. आणि मी मुलगा म्हणतो खरे, पण ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलीही शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. तेव्हा लेकींच्या आईबापांनीही हे आपलेच समजावे.

बंदुकीचा प्रश्न अवघड आहे, आणि शब्दांचा खेळ करून तो सोडवू नये. हिंसा ती हिंसाच. परंतु गीतेच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंत भक्ताचे लक्षण सांगतात की तो कोणाही भूताशी वैर धरीत नाही, आणि हे सांगतात कोणाला? रथात उभ्या असलेल्या धनुर्धराला. माउलींनी त्या श्लोकावर टीका केली, ती टाळली नाही. शस्त्र आणि वैर या दोन वस्तू आहेत. सैन्याच्या शिक्षणात सुमारे ३१ आठवडे पहाटेपासून जे चालते, त्यात बंदूक चालवणे आहे तसे आज्ञेवाचून न चालवणेही आहे. राग आला म्हणून गोळी झाडणारा शिपाई कोणत्याच सैन्याला नको असतो. वैर मात्र पुष्कळदा आपणच, घरी बसलेले, पारावर आणि पडद्यासमोर पोसतो.

मग मागायचे काय? इथे मला धृतराष्ट्राहून गांधारी मोठी वाटते. मुले दोघांची तीच. युद्धाचे अठराही दिवस दुर्योधन तिच्याकडे जयाचा आशीर्वाद मागायला येई, आणि धर्म जिकडे असेल तिकडे जय होईल, एवढेच ती म्हणे. पोटच्या पोराला हे सांगताना त्या आईला काय झाले असेल! पुढे स्त्रीपर्वात ती रणभूमीवर उभी राहते आणि आपल्या शंभरांसाठी रडता रडता अभिमन्यूच्या प्रेताजवळ बसलेल्या उत्तरेसाठीही रडते. धृतराष्ट्राच्या प्रश्नात 'माझे' एकीकडे आणि 'पांडूचे' एकीकडे होते. माझ्या मते त्याचा मोह त्या दुफळीत आहे.

म्हणून त्या गृहस्थांना म्हटले, "सुखरूप येऊ दे, हे जरूर मागा. त्यात लाज कसली? फक्त मागणं तुमच्या उंबऱ्याशी अडवू नका. त्याच्या शेजारच्या खाटेवरचं पोर, आणि सीमेपलीकडे ज्याची आई असाच नवस बोलत असेल तेही त्यात घ्या. पोराचा फोन आला तर जिंकून ये म्हणण्याआधी विचारा, जेवलास का, आणि कोणाचं वाईट तर मनात धरत नाहीस ना?"

ते म्हणाले, "पलीकडच्याचं मागणं जड जातंय, महाराज." जड आहेच. तुकोबारायांची पालखी पाटसहून पुढे रोटीचा घाट चढते, तिथे चालणाऱ्यालाही धाप लागते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त चौघांतला एक. बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येतील. अंगाला पहाटे उठण्याची सवय असेल, पण आज्ञा करणारे कोणी नसेल. काहींनी जे पाहिले ते लगेच सांगता येणार नाही. त्या दिवसांत आईबापांनी सत्काराचे हार आणि लग्नाची घाई थोडी बाजूला ठेवावी, शेतातले एखादे काम त्याच्यावर सोपवावे, आणि रात्री तो बोलू लागला तर मध्ये न बोलता ऐकावे.